आइसलंडची प्रदक्षिणा: कॅम्पर व्हॅन, मोटार-गेस्टहाऊस की फोर-बाय-फोर?

आइसलंडचा प्रवास आखताना सर्वांत आधी ठरवावी लागते ती मुक्कामाची पद्धत, कारण गाडी कोणती घ्यायची, रोज किती अंतर कापायचे, जेवणाचे काय करायचे आणि हवा बिघडली तर कुठे थांबायचे, हे सगळे त्या एका निर्णयातून ठरत जाते. पर्याय मुख्यतः तीन आहेत. पहिला, मागे झोपायची सोय असलेली साधी टू-व्हील ड्राइव्ह कॅम्पर व्हॅन. दुसरा, साधी छोटी मोटार आणि दर रात्री आधी आरक्षित केलेले गेस्टहाऊस. तिसरा, टपावर तंबू बसवलेली किंवा आत झोपता येईल अशी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी. आम्ही दोघांनी एका जूनमध्ये अकरा दिवस व्हॅनने प्रदक्षिणा केली आणि पुढे एका सप्टेंबरात आईबाबांना घेऊन मोटारीने तोच रस्ता पुन्हा धरला. रस्ता तोच असला तरी दोन्ही प्रवासांत पाहिलेला देश एक नव्हता. इथे केलेली तुलना त्या दोन अनुभवांवर आणि तिथल्या नियमांवर आधारलेली आहे.

बेटाचा अंदाज आधी घ्यायला हवा. क्षेत्रफळ सुमारे १,०३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. लोकसंख्या चार लाखांच्या आत आणि तीतले बहुसंख्य लोक राजधानी रेक्याविक आणि तिच्या आसपास राहणारे. बेटाला वेढा घालणारा एक क्रमांकाचा रस्ता, ज्याला सगळे रिंग रोड म्हणतात, सुमारे १,३२२ किलोमीटर लांबीचा आहे. दक्षिणेकडील स्केइदारारसांदुर या हिमनद्यांनी आणून टाकलेल्या वाळूच्या मैदानावर पूल बांधले गेले तेव्हा, १९७४ साली, हे वर्तुळ पूर्ण झाले. पुढे १९९६ मध्ये वात्नायोकुल या हिमाच्छादनाखाली ज्वालामुखीचा उद्रेक झाला, वितळलेल्या पाण्याचा लोंढा काही आठवड्यांनी एकदम बाहेर पडला आणि त्याने त्या मैदानावरचा एक पूल नेला. त्याच्या पिळवटलेल्या लोखंडी तुळया आजही स्काफ्टाफेलजवळ रस्त्याकडेला ठेवलेल्या आहेत. तिथे पाच मिनिटे थांबल्याने निसर्गापुढे आपल्या वेळापत्रकाची पत किती, हे कळते आणि वाहनाची निवड त्याच नजरेने करायला मदत होते. आडवाटेचे धबधबे आणि फाटे धरले तर प्रदक्षिणेचे अंतर १,८०० ते २,२०० किलोमीटरपर्यंत जाते. त्यासाठी दहा दिवस हे किमान समजावेत. सात दिवसांत वर्तुळ पूर्ण करण्याचा हट्ट धरणाऱ्यांनी कोणतेही वाहन घेतले तरी त्यांच्या पदरी मुख्यतः डांबरी रस्ताच पडतो.

हवा आणि वारा: निवडीचा खरा निकष

बहुतेक लोक पर्यायांची तुलना पैशांवरून करतात. माझ्या मते ती हवेवरून करायला हवी. वात्नायोकुल देशाचा सुमारे आठ टक्के भाग व्यापून बसले आहे आणि ते हवेच्या वाटेत भिंतीसारखे उभे आहे. दक्षिणेकडून ओलसर वारे आले की दक्षिण किनाऱ्यावर पावसाची झड लागते आणि त्याच वेळी पलीकडे पूर्वेच्या एगिल्सस्ताथिर किंवा उत्तरेच्या आकुरेरी या गावांत बहुधा कोरडी, उबदार हवा असते. वारा उत्तरेकडून फिरला की चित्र उलटते. त्यामुळे "आइसलंडमध्ये उद्या हवा कशी असेल" या प्रश्नाला एकच उत्तर नसते आणि ज्याच्यापाशी मुक्काम बदलण्याची मोकळीक आहे, तो चांगल्या हवेच्या मागे जाऊ शकतो. व्हॅनचे सर्वांत मोठे बळ हेच आहे. आमच्या प्रवासात दक्षिण किनाऱ्यावरच्या व्हीक गावाच्या कॅम्पिंग तळावर दुसऱ्या दिवशीही पावसाचेच भाकीत दिसल्यावर आम्ही तिथला उरलेला मुक्काम सोडून सरळ पूर्वेला निघालो, होप्न ओलांडेपर्यंत वायपर चालू होते आणि पूर्वेच्या फ्योर्डांत, म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्यांच्या भागात, पोचलो तेव्हा ऊन होते. गेस्टहाऊस आरक्षित असते तर ते दोन दिवस भिजण्यात गेले असते, कारण जुलै-ऑगस्टच्या खोल्या कित्येक महिने आधी भरतात आणि ऐनवेळी दुसरीकडे खोली मिळालीच तर ती तिथल्या शेवटच्या व सर्वांत महागड्या खोल्यांपैकी असते.

याची दुसरी बाजू मात्र तितकीच खरी आहे. उंच आणि सपाट अंगाच्या व्हॅनला वारा मोटारीपेक्षा फार अधिक लागतो. तिथे वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर असा सांगतात आणि मोक्याच्या ठिकाणी रस्त्याकडेच्या विजेच्या फलकांवर तो आकडा व झोताचा कमाल वेग झळकत असतो. सेकंदाला १५ मीटर म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. या वेगापासून व्हॅन चालवणाऱ्याने सावध व्हावे. आकडा २० मीटरच्या, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरच्या पुढे गेला तर व्हॅन घेऊन निघूच नये. बोर्गारनेसजवळचा हाफ्नारफ्याल डोंगराचा पायथा, वात्नायोकुलच्या कुशीतला ओराइफी परिसर आणि होप्नच्या पूर्वेचा ह्वाल्नेसचा भाग ही वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध ठिकाणे आहेत. मिर्दाल्ससांदुरसारख्या काळ्या वाळूच्या मैदानांवर तर वारा वाळू घेऊनच येतो आणि तासाभरात गाडीचा रंग खरवडून काचा धुरकट करून टाकतो. बुटकी मोटार यातून तुलनेने सुखरूप जाते. टपावरच्या तंबूची अवस्था सर्वांत बिकट होते. जोराच्या वाऱ्यात तो उघडताच येत नाही, उघडलेला मिटवणे त्याहून कठीण, आणि रात्रभर कापडाची फडफड ऐकत पडून राहणे याला झोप म्हणता येत नाही.

दाराची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण परदेशी पाहुण्यांचे सर्वाधिक पैसे तिथेच जातात. पाठीमागून वारा येत असताना दार निष्काळजीपणे उघडले की झोत ते हातातून हिसकावून बिजागऱ्यांसकट उलटे वळवतो आणि हे नुकसान बहुतेक विम्यांत धरलेले नसते. म्हणून गाडी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उभी करावी आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडावे. व्हॅनमध्ये दिवसातून वीस-पंचवीस वेळा दारे उघडली-मिटली जातात, मोटारीत सहा-सात वेळा. त्यामुळे हा धोकाही व्हॅनवाल्यांच्या वाट्याला जास्त येतो. हवामान खात्याचे पिवळे, नारिंगी आणि लाल इशारे व रस्त्यांची स्थिती रोज सकाळी पाहण्याची सवय तिन्ही पर्यायांत सारखीच आवश्यक आहे. फरक एवढाच की नारिंगी इशाऱ्याच्या दिवशी गेस्टहाऊसमधला माणूस खिडकीशी बसून चहा पितो आणि व्हॅनमधली माणसे तळावरच्या सामायिक स्वयंपाकघरात जागा मिळते का ते पाहत फिरतात.

"वाटेल तिथे मुक्काम" या समजुतीविषयी

कॅम्पर व्हॅन म्हटले की एकांतातल्या एखाद्या धबधब्याशेजारी रात्र काढण्याचे चित्र डोळ्यांपुढे येते. पूर्वी ते काही प्रमाणात शक्य होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये लागू झालेल्या निसर्गसंरक्षण कायद्याने ते मिटवले आहे. व्हॅन, कॅरॅव्हॅन किंवा टपावरचा तंबू अधिकृत तळाबाहेर रात्री लावायचा असेल तर जमिनीच्या मालकाची परवानगी लागते. रस्त्याकडेचे वाहनतळ, दृश्य पाहण्यासाठी केलेले थांबे आणि पेट्रोल पंपांची आवारे या सगळ्यांना हा नियम लागू आहे आणि पहाटे काचेवर टकटक होऊन उठवले जाण्याचे प्रसंग येतात. नियमामागचे कारण तिथे गेल्यावर समजते. १७८३ साली सुरू झालेल्या लाकी उद्रेकाच्या लाव्हावर, एल्डह्राउनमध्ये, आज जाड, मऊ शेवाळाची गादी आहे. तिच्यावरून गाडीची चाके एकदा गेली तर तो ओरखडा कित्येक दशके तसाच राहतो. कास पठारावर फुलांच्या दिवसांत पायवाट सोडून चालणाऱ्यांना जसे हटकले जाते तसेच हे आहे, इथे फक्त दंड फार मोठा असतो. रस्ता सोडून गाडी चालवणे हा सरळ गुन्हा आहे, मग ती फोर-बाय-फोर असली तरी.

तेव्हा व्हॅन घेताना विकत मिळते ती मोकळीक म्हणजे कोणत्या गावाच्या तळावर रात्र काढायची हे संध्याकाळी ठरवण्याची मोकळीक. ती कमी मोलाची नाही. जवळजवळ प्रत्येक गावाला तळ आहे आणि अनेक तळांवर आधी नोंदणी न करता जागा मिळते. सोयी मात्र एकसारख्या नसतात. काही ठिकाणी गरम पाण्याची उत्तम न्हाणीघरे, कपडे धुण्याचे यंत्र आणि उबदार स्वयंपाकघर, तर काही ठिकाणी एक शौचालय, भांडी घासायला उघड्यावरचा एक नळ आणि पैशांची पेटी. स्काफ्टाफेल, व्हीक आणि रेक्याविकचे तळ उन्हाळ्यात गच्च भरलेले असतात. पूर्वेचे आणि उत्तरेचे तळ शांत असतात आणि आमच्या आठवणीत राहिलेले सगळे मुक्काम तिकडचेच आहेत.

पैशांचा हिशेब

आइसलंडमध्ये काहीच स्वस्त नाही, हे एकदा मान्य केले की हिशेब शांतपणे करता येतो. गेल्या काही वर्षांत १०० क्रोना म्हणजे साधारण ६० ते ७० रुपये असा दर राहिला आहे. तळावर एका प्रौढ माणसाला एका रात्रीचे बहुधा २,००० ते ३,००० क्रोना पडतात, त्यावर मुक्कामाचा छोटा कर आणि काही ठिकाणी शॉवरचे वेगळे पैसे. दोन प्रौढ व चार मुलांपर्यंत चालणारे हंगामी कॅम्पिंग कार्डही मिळते. ते कुटुंबाला आणि लांबच्या मुक्कामाला परवडते, पण आपल्या मार्गावरचे तळ त्यात आहेत की नाहीत हे पाहिल्याशिवाय घेऊ नये.

व्हॅनचे भाडे उन्हाळ्यात छोट्या मोटारीच्या बरेच वर असते, ती इंधन अधिक पिते आणि तळाचे पैसे निराळे. म्हणून "व्हॅन म्हणजे हॉटेलचा खर्च वाचला" हे विधान पूर्ण खरे नाही. दोघांसाठी जून ते ऑगस्टमध्ये व्हॅन बहुतेक वेळा मोटार-गेस्टहाऊसपेक्षा थोडी स्वस्त पडते, कारण त्या महिन्यांत खोल्यांचे दर कळसाला पोचलेले असतात. मे किंवा सप्टेंबरच्या उत्तरार्धात खोल्या उतरतात आणि हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. चौघांसाठी मोठी मोटारहोम घ्यायची झाली तर हिशेब पुन्हा फिरतो. तिचे भाडे, इंधन आणि वाऱ्यातली अडचण पाहता चार खाटांची खोली आणि एक मोठी मोटार सरस ठरते. फोर-बाय-फोर सर्वांत महाग आणि तिचा खर्च वसूल व्हायचा असेल तर ती ज्या रस्त्यांसाठी बनवली आहे त्या रस्त्यांवर निदान तीन-चार दिवस गेले पाहिजेत. एक क्रमांकाच्या रस्त्यावर फोर-बाय-फोर फिरवणे म्हणजे लग्नाच्या पंगतीला गमबूट घालून जाण्यासारखे आहे.

विम्याच्या पानावर थोडा वेळ घालवावा. मूळ भाड्यात अपघाताचा मर्यादित विमा असतो. खडीने काच किंवा रंग उडाल्याचा आणि वाळू-राखेने झालेल्या नुकसानीचा विमा वेगळा घ्यावा लागतो. खडीचा विमा तिन्ही पर्यायांत घ्यावा, कारण डांबर संपून खडी सुरू होते त्या ठिकाणी समोरून येणाऱ्या गाडीने उडवलेला एक दगडही पुरतो. दक्षिण किनाऱ्यावरून वसंतात किंवा शरदात जाणार असाल तर वाळूचाही घ्यावा. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी, टपासकट आणि चाकांसकट, व्हिडिओ काढून ठेवावा. आमच्यावर परतीच्या वेळी एका जुन्या ओरखड्याचे बिल आले होते आणि ते मागे घेतले गेले ते केवळ पहिल्या दिवशीच्या चित्रीकरणामुळे. प्रेक्षणीय ठिकाणांच्या वाहनतळांचे पैसेही आता अनेक जागी द्यावे लागतात. कॅमेरा क्रमांकपट्टी टिपतो आणि पैसे भरायचे राहिले तर भाड्याची कंपनी आपले शुल्क जोडून ते वसूल करते. आकुरेरीजवळच्या वादलाहेइदी बोगद्याचा टोलही नाक्यावर भरता येत नाही, तो ऑनलाइनच भरावा लागतो.

दिवस कसा जातो

व्हॅनमधल्या दिवसाची सुरुवात सामान हलवण्याने होते. छोट्या व्हॅनमध्ये रात्रीची गादी म्हणजेच दिवसाची बैठक, त्यामुळे दोन मोठ्या चाकांच्या बॅगा घेऊन गेलात तर त्या रात्री पुढच्या सीटवर आणि सकाळी पुन्हा मागे, असा खेळ रोज चालतो. मऊ कापडी पिशव्या न्याव्यात. बहुतेक व्हॅनमध्ये इंजिन बंद असतानाही चालणारा हीटर असतो आणि तो आहे की नाही हे ठरवताना विचारूनच घ्यावे, कारण रेक्याविकमध्ये जुलैचे सरासरी तापमानसुद्धा ११-१२ अंशांच्या आसपास असते. श्वासाच्या वाफेने सकाळी काचा आतून ओथंबलेल्या असतात आणि ओले जाकीट वाळवायला जागा नसते. तीन दिवस सलग पाऊस झाला की व्हॅनमध्ये दमट वास भरतो, आणि प्रवासातले बहुतेक भांडण त्याच दिवशी होते, हे अनुभवाने सांगतो.

छोट्या व्हॅनमध्ये शौचालय किंवा न्हाणीघर नसते. यावर देशाने स्वतःच उत्तम उपाय करून ठेवला आहे. भूगर्भातल्या उष्णतेमुळे जवळजवळ प्रत्येक गावात गरम पाण्याचा सार्वजनिक तलाव आहे, त्याला जोडून चांगली न्हाणीघरे आहेत आणि वर आभाळ, खाली गरम पाणी अशा हौदात गावातले आजी-आजोबा गप्पा मारत बसलेले असतात. तलावात उतरण्याआधी कपडे काढून साबणाने अंघोळ करण्याचा नियम मात्र कडक आहे आणि संकोचाला तिथे वाव नाही. आपल्याकडच्या अनेकांना, विशेषतः ज्येष्ठांना, हे जमत नाही. व्हॅन ठरवण्याआधी घरात याची चर्चा झालेली बरी.

जेवणाच्या बाबतीत व्हॅन आणि गेस्टहाऊस यांच्यात वाटते तितका फरक नाही, कारण शेतावरच्या अनेक गेस्टहाऊसमध्ये पाहुण्यांसाठी सामायिक स्वयंपाकघर असते. शाकाहारी माणसाला तर ते वरदानच आहे, कारण छोट्या गावातल्या एकमेव उपाहारगृहात मटणाचे सूप, मासे आणि बर्गर यांपलीकडे फारसे मिळत नाही. तांदूळ, मुगाची डाळ, पोहे, मेतकूट, भाजणी आणि लोणचे घरून नेले की भागते. ताजी भाजी, ब्रेड आणि स्कीर हा दह्यासारखा घट्ट पदार्थ बोनुस किंवा क्रोनान या दुकानांतून घ्यावा. दुधाचे व मांसाचे पदार्थ भारतातून नेऊ दिले जात नाहीत, म्हणून खव्याची मिठाई आणि तूप घरीच ठेवावे. व्हॅनची गंमत दुपारच्या जेवणात आहे. योकुल्सारलोनच्या हिमनगांसमोर, बाहेर वारा घोंगावत असताना आत बसून गरम खिचडी खाता येते आणि त्या वेळी वाहनतळावर मोटारीत सँडविच चावणारे लोक आपल्याकडे पाहत असतात.

नळाचे थंड पाणी सगळीकडे उत्तम आहे, बाटल्या विकत घेऊ नयेत. गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, त्याचे काही मनावर घेऊ नये. इंधनाचे अनेक पंप माणसाविना चालतात आणि त्यांना पिन असलेले कार्ड लागते. पूर्वेला आणि पश्चिमेच्या फ्योर्डांत पंपांमधली अंतरे मोठी आहेत, टाकी अर्धी झाली की भरून घ्यावी.

एफ रस्ते आणि नद्या

बेटाच्या मध्यभागी उंच, निर्जन पठार आहे आणि तिथे जाणाऱ्या ज्या रस्त्यांच्या क्रमांकाआधी एफ असतो, त्यांवर फोर-बाय-फोरशिवाय जाणे कायद्याने मना आहे. हे रस्ते बर्फ वितळून जमीन सुकल्यावर, साधारण जूनच्या अखेरीपासून जुलैत, टप्प्याटप्प्याने उघडतात आणि सप्टेंबरात पुन्हा बंद होऊ लागतात. म्हणून मे महिन्यात फोर-बाय-फोर घेऊन "आतल्या भागात जाऊ" असे ठरवणाऱ्यांचे पैसे वाया जातात. रस्ते उघडल्यानंतरही खरी परीक्षा पूल नसलेल्या नद्यांची असते. हिमनदीतून येणाऱ्या नद्या दुपारी, ऊन वाढले की फुगतात आणि सकाळी उतरतात. थोर्समोर्ककडे जाणाऱ्या रस्त्यावरची क्रोसाउ ही नदी तर अशी आहे की छोट्या एसयूव्हीने तिच्यात उतरूच नये. इंजिनात पाणी गेल्याचे नुकसान जवळजवळ कोणताही विमा भरून देत नाही आणि ते इंजिनाच्या पूर्ण किमतीपर्यंत जाऊ शकते.

त्यामुळे फोर-बाय-फोर घ्यायची तर "रंगीत डोंगर पाहायचे आहेत" हे कारण पुरेसे नाही. लांदमान्नालॉइगार या रंगीत डोंगरांच्या भागाला उत्तरेकडून येणारा एफ २०८ हा रस्ता तुलनेने सोपा आहे, शेवटचा पाण्याचा पट्टा तळाच्या अगदी अलीकडे आहे आणि तो टाळून अलीकडेच गाडी ठेवून पादचारी पुलावरून जाता येते. त्याहूनही सोपा मार्ग म्हणजे उन्हाळ्यात रेक्याविकहून लांदमान्नालॉइगार व थोर्समोर्कला जाणाऱ्या, उंच चाकांच्या बसने जाणे. आम्ही तेच केले. बसचालकाने क्रोसाउ ओलांडताना गाडी ज्या बेताने प्रवाहाच्या दिशेला तिरपी घातली ते पाहिल्यावर ती स्वतः ओलांडण्याची उरलीसुरली इच्छा मावळली. ज्यांना आस्क्या ज्वालामुखीपर्यंत किंवा स्प्रेंगिसांदुरच्या वाळवंटातून आरपार जायचे आहे, ज्यांना खडबडीत रस्त्यांवर चालवण्याचा सराव आहे आणि ज्यांच्यासोबत शक्यतो दुसरी गाडी आहे, त्यांच्यासाठी तिसरा पर्याय आहे. सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर जीप घालण्याचा अनुभव कामी येतो, पण बर्फाच्या पाण्याची नदी हा प्रकार त्या अनुभवात बसत नाही.

वायव्येच्या फ्योर्डांना एफ रस्त्यांची गरज नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये उघडलेल्या दीराफ्योर्डच्या बोगद्यामुळे तिथला उत्तर व दक्षिण भाग जोडला गेला आणि दिन्यांदी धबधब्याकडे जाणे सुकर झाले. लाउत्राब्यार्गच्या सुमारे ४४० मीटर उंच कड्याकडे जाणारा खडीचा रस्ता मात्र खड्ड्यांनी भरलेला आहे आणि त्यावर व्हॅनमधली भांडी सगळा वेळ वाजत राहतात. पफिन पक्षी पाहायचे असतील तर ऑगस्टच्या मध्याआधी जावे, त्यानंतर ते समुद्रावर निघून जातात.

महिना आणि सोबत

जूनमध्ये रेक्याविकला सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि तीनच्या आसपास उगवतो, मधल्या वेळातही अंधार होत नाही. व्हॅनला हा महिना सर्वांत मानवतो, कारण रात्री दहा वाजता स्कोगाफॉस धबधब्याला निवांत पोचता येते आणि बसने आलेली गर्दी तोवर गेलेली असते. पडदे जाड आहेत का हे पाहावे आणि डोळ्यांवर बांधायची पट्टी न्यावी. ध्रुवीय प्रकाश पाहायचा तर ऑगस्टच्या अखेरीपासून पुढे जायला हवे. सप्टेंबर हा त्यासाठी मधला मार्ग आहे, पण महिन्याच्या मध्यानंतर अनेक तळ बंद होऊ लागतात आणि वादळे वाढतात. ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये व्हॅनचा विचार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डिसेंबरात उजेड जेमतेम चार तास असतो, उघडे तळ मोजके, घाटरस्ते बर्फाने बंद होतात आणि वाऱ्यात निसरड्या रस्त्यावरची उंच व्हॅन म्हणजे संकटाला आमंत्रण. त्या काळात जाणाऱ्याने खिळ्यांच्या टायरची मोटार, दक्षिण किनारा आणि रद्द करता येणाऱ्या खोल्या एवढ्यावर समाधान मानावे.

आईबाबा सोबत असतील तर निर्णय सोपा आहे. रात्री दोनदा उठून पावसात शंभर पावले चालत शौचालयाला जाणे साठी-सत्तरीच्या माणसाला झेपत नाही आणि झेपावे अशी अपेक्षाही करू नये. आम्ही त्यांच्यासाठी रोज १५०-२०० किलोमीटरच्या आत गेस्टहाऊस घेतली, दोन ठिकाणी सलग दोन रात्री ठेवल्या आणि बाबांना मीवात्न तळ्याजवळच्या शेतघरातली संध्याकाळ सगळ्या धबधब्यांहून अधिक आवडली. लहान मुलांच्या बाबतीत उलटा अनुभव सांगणारे पुष्कळ आहेत. मुलांना व्हॅन म्हणजे घर-घर खेळच वाटतो, फक्त त्यांच्यासाठी भाड्याच्या कंपनीकडून लहानग्यांची आसने आणि प्रत्येकाला पट्टा असलेली जागा यांची खात्री करून घ्यावी, कारण झोपायची जागा आणि बसायची अधिकृत जागा यांची संख्या एक असेलच असे नाही.

गाडी उजव्या बाजूने चालवायची असल्याने पहिले दोन दिवस कोणत्याही वाहनात जड जातात. त्यात व्हॅन लांब आणि तिचे आरसे वेगळे, म्हणून पहिला मुक्काम विमानतळापासून जवळ ठेवावा. डांबरी रस्त्यावर ताशी ९० आणि खडीवर ८० किलोमीटर ही कमाल मर्यादा आहे, खडीवर ८० हा वेग व्हॅनला फारच जास्त होतो. एकेरी पुलांवर जो पुलाच्या जवळ असेल तो आधी जातो, असा संकेत आहे. मेंढ्या उन्हाळाभर मोकळ्या असतात आणि आई एका बाजूला, कोकरू दुसऱ्या बाजूला असेल तर कोकरू हमखास धाव घेते. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. रोमन लिपीतला परवाना चालतो, तरी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन ठेवलेला बरा. व्हिसाच्या अर्जासोबत मुक्कामाचा पुरावा द्यावा लागतो आणि इथे व्हॅनवाल्यांची थोडी अडचण होते: गाडीचे आरक्षण, दिवसवार मार्ग आणि तळांची नावे नीट लिहून जोडावी लागतात, तर गेस्टहाऊसवाल्यांना आरक्षणाचे कागद जोडले की पुरते.

दोघे असाल, जून ते ऑगस्टमध्ये दहा दिवसांहून अधिक वेळ असेल आणि ओल्या मोज्यांनी मनःस्थिती बिघडत नसेल तर व्हॅन घ्यावी आणि तीही मधल्या आकाराची, म्हणजे आत बसून स्वयंपाक करता येईल अशी. तरीही मन डळमळत असेल तर एक तडजोड आहे, जी आम्ही योगायोगाने केली आणि पुन्हा गेलो तर ठरवून करू. प्रवासाच्या मध्यावर, म्हणजे साधारण सहाव्या रात्री, एगिल्सस्ताथिर किंवा आकुरेरीला रद्द करता येईल अशी एक खोली आधीच घेऊन ठेवावी. तोपर्यंत कपडे ओले झालेले असतात, पाठ अवघडलेली असते आणि व्हॅनमध्ये काय कुठे ठेवले आहे यावरून एकदा तरी वाजलेले असते. त्या रात्री यंत्रात कपडे धुऊन रेडिएटरवर वाळत घालावेत, अंथरुणे उन्हाला किंवा निदान वाऱ्याला द्यावीत आणि सकाळी हवेचा नकाशा पाहून उरलेली अर्धी प्रदक्षिणा कोणत्या बाजूने करायची ते ठरवावे.